नीटच्या निकालाआधी मामलेदार कचेरी

गोव्यातल्या सांगे तालुक्यातली एक मुलगी. बारावीला जीवशास्त्रात उत्तम गुण, डॉक्टरीच्या प्रवेशपरीक्षेत, म्हणजे नीटमध्येही बऱ्यापैकी. जन्मदाखल्यावर आडनाव वेळीप, शाळेच्या दाखल्यावर गांवकर, आणि वडिलांच्या आधारवर पुन्हा वेळीप. गावात याचं कुणाला नवल नाही, एकाच घरात दोन्ही आडनावं चालतात. पण खिडकीपलीकडच्या कारकुनाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, "ही एकच मुलगी कशावरून?" जूनचा पाऊस, प्लॅस्टिकच्या पिशवीतले कागद आणि अर्जाला चार दिवस उरलेले. निभावलं, पण घरातल्यांचा जीव टांगणीला लागला तो लागलाच.

अशी मुलं दरवर्षी माझ्याकडे येतात. गावडा, कुणबी, वेळीप समाजांतली, धनगर-गवळी, चांभार, महार घरांतली. घरात आधी कुणी डॉक्टर झालेलं नसतं, त्यामुळे कोणता कागद कधी लागतो हे सांगणारंही कुणी नसतं. म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवतो. हे वाचायची वेळ मूल अकरावीत असतानाची, नीटच्या निकालानंतरची नव्हे.

आधी पात्रता, थोडक्यात. अकरावीला विज्ञान शाखेत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हवं, इंग्रजी तर हवंच. गणितही घेतलं तर दुसरी दारं उघडी राहतात. प्रवेशाच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण झालेलं हवं. बारावीला या तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के, अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गाला ४० टक्के लागतात. त्यावर नीट: १८० प्रश्न, ७२० गुण, तीन तास. बरोबर उत्तराला ४, चुकीला वजा १. अर्धे प्रश्न जीवशास्त्राचे, म्हणजे जीवशास्त्र पक्कं असलेल्या मुलाने गणिताच्या भीतीने मागे हटायचं काही कारण नाही.

नीटची पात्रता पर्सेंटाइलवर ठरते आणि इथे पालक हमखास गोंधळतात. राखीव वर्गांसाठी ४० पर्सेंटाइल म्हणजे ४० टक्के गुण नव्हेत, परीक्षा दिलेल्यांपैकी ४० टक्के मुलं आपल्या मागे असणं. २०२५ साली ही रेषा ७२० पैकी ११३ गुणांवर आली. ११३ मिळाले म्हणून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळत नाही, फक्त रांगेत उभं राहता येतं. हे स्पष्ट सांगितलेलं बरं, नाहीतर पेढे आधी आणि रडारड नंतर.

नीटच्या अर्जात एक जागा जपून भरायची: प्रश्नपत्रिकेची भाषा. यादीत १३ भाषा आहेत. कोंकणी त्यात नाही, मराठी आहे. चौथीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाला मोह होतो. पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळते, म्हणजे ती निवडली की गोव्यातलं केंद्र गेलं आणि पहाटे गाडी काढून सीमेपलीकडे जाणं आलं. शिवाय आपल्याकडे अकरावी-बारावी विज्ञान इंग्रजीतूनच शिकवतात. 'परासरण' वाचून ते 'ऑस्मॉसिस' आहे हे आठवण्यात वेळ घालवायचा कशाला? माझा सल्ला इंग्रजीचाच. मी स्वतः मराठीत लिहिणारा माणूस असून हे सांगतोय.

आता कागद. खरी माती इथेच होते.

जातीचा किंवा जमातीचा दाखला उपजिल्हाधिकारी कार्यालयातून मिळतो. जन्मदाखले, शाळेचे दाखले आणि बहुतेक वेळा समाजाच्या मान्यताप्राप्त संस्थेचं पत्र जोडावं लागतं. गावडा, कुणबी आणि वेळीप यांचा अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश २००३ साली झाला. त्यामुळे वडिलांच्या किंवा आजोबांच्या जुन्या कागदावर 'जमाती' हा शब्द सापडणार नाही, समाजाचं नाव सापडलं तरी पुष्कळ. ख्रिस्ती गावडा कुटुंबं कधीकधी आपण यात बसत नाही असं धरून चालतात, पण जमातीच्या दाखल्याला धर्माची आडकाठी नाही. धनगर-गवळी समाजाची जमातीत घेण्याची मागणी जुनी आहे, मात्र आज त्यांचा दाखला इतर मागासवर्गाचाच होतो. अर्जात भलत्याच चौकोनात खूण केली तर नंतर ती दुरुस्त करताना नाकी नऊ येतात.

इतर मागासवर्गाच्या मुलांना जातीच्या दाखल्यासोबत नॉन-क्रिमी लेयरचा, म्हणजे घर सधन गटात मोडत नाही असा दाखलाही लागतो आणि तो ताजा हवा. खुल्या वर्गातल्या आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला तर आर्थिक वर्षापुरताच चालतो. फेब्रुवारीत हौसेने काढला की एप्रिलमध्ये तो शिळा होतो. हे दोन १ एप्रिलनंतर काढायचे, बाकीचे सगळे आधी.

रहिवासी दाखला आणि उत्पन्नाचा दाखला मामलेदार देतो, मधे तलाठ्याची चौकशी असते. अर्ज सरकारच्या गोवा ऑनलाईन या संकेतस्थळावर करता येतो. 'सध्या राहतो' असा साधा दाखला प्रवेशाला चालत नाही. प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत गोव्यात राहिल्याची जितकी सलग वर्षं मागितलेली असतात, तितकी दाखल्यावर आकड्यात आली पाहिजेत. दाखला हातात पडला की तिथेच, खिडकीसमोर उभं राहून वाचावा. नावातलं एक अक्षर चुकलं असेल तर त्याच दिवशी सांगता येतं, घरी गेल्यावर तीच चूक आठवडा खाते.

आणि हो, नावाच्या फरकासाठी मामलेदाराकडून डायव्हर्जन्स सर्टिफिकेट मिळतं. पोर्तुगीज काळापासून आपल्याकडे एकाच आडनावाची स्पेलिंगं चार. नाईक कुठे एका तऱ्हेने, कुठे दुसऱ्या. वडिलांचं नाव एका कागदावर आखूड, दुसऱ्यावर पूर्ण. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, हे हा कागद सांगतो. सुरुवातीला सांगितलेल्या मुलीला शेवटी यानेच तारलं. दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरतानाच जन्मदाखला आणि आधार समोर ठेवून नाव जुळवलं, तर या कागदाची गरजच पडणार नाही, कारण नीटचा अर्ज दहावीच्या नावाशी आणि आधारशी ताडला जातो.

नीट झाली की अर्ज आपोआप पुढे जातो, हा समज फार पसरलेला आहे. तसं काही होत नाही. गोव्याच्या वाट्याच्या ८५ टक्के जागांसाठी पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. उरलेल्या १५ टक्के अखिल भारतीय जागांसाठी दिल्लीच्या वैद्यकीय समुपदेशन समितीच्या (एमसीसी) संकेतस्थळावर आणखी एक नोंदणी असते. दोन्ही कराव्यात. आरक्षणाचे आकडे दोन्हीकडे वेगळे आहेत: गोव्यात अनुसूचित जमातींना १२ टक्के आणि अनुसूचित जातींना २, तर अखिल भारतीय जागांत अनुक्रमे साडेसात आणि १५. चांभार किंवा महार घरातल्या मुलाने अखिल भारतीय नोंदणी सोडणं म्हणजे हातचं सोडणं. इतर मागासवर्गासाठी त्या जागांना केंद्राची यादी लागते, राज्याची नव्हे. आपली जात दोन्ही याद्यांत आहे ना, ते आधी बघून घ्यावं.

दोन्ही अर्जांना एकच पासवर्ड, एकच मोबाईल नंबर. नंबर घरातल्या माणसाचा असावा. सायबर कॅफेवाल्याने स्वतःचा नंबर घातला, ओटीपी त्याच्याकडे गेला आणि नेमक्या त्याच दिवशी दुकान बंद, असं घडलेलं मी पाहिलंय.

बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे १८४२ साली सुरू झालेल्या जुन्या पोर्तुगीज वैद्यक शाळेचा वारस. तिथे जागा नाही मिळाली तरी नीटचे गुण वाया जात नाहीत. शेजारीच दंत महाविद्यालय आहे, शिरोड्याला आयुर्वेद आणि होमिओपॅथी दोन्ही आहेत, धारगळला केंद्राची आयुर्वेद संस्था आहे. ज्याला रोग्यापेक्षा प्रयोगशाळा जास्त आवडते त्याने दोना पावलाची समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोतली ध्रुवीय संशोधन संस्था एकदा पाहून यावी. अंटार्क्टिकाच्या मोहिमा वास्कोतून आखल्या जातात, हे वास्कोत राहणाऱ्या कितीतरी मुलांना ठाऊक नसतं.

पैशाचं थोडक्यात. अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी आदिवासी कल्याण संचालनालयाची गगन भरारी शिक्षा योजना दहावीनंतर लागू होते, म्हणजे अकरावीपासूनच अर्ज करता येतो. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. गोवा शिक्षण विकास महामंडळ व्याजमुक्त शैक्षणिक कर्ज देतं, त्यासाठी प्रवेशाचं पत्र आणि उत्पन्नाचे कागद लागतात. शिष्यवृत्तीचे पैसे मुलाच्या स्वतःच्या, आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. त्यामुळे अकरावीच्या पहिल्याच महिन्यात खातं उघडावं, आणि पासबुकावरचं नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तेच, त्याच स्पेलिंगात.