आधी मांडी, मग पोट

प्लास्टर कापायचं यंत्र घरघरलं, दोन फाका बाजूला झाल्या आणि सहा आठवड्यांनी माझा उजवा पाय मला दिसला. कातडीचे कोंड्यासारखे पापुद्रे सुटत होते, पोटरी हातात घेतली तर पिशवीसारखी हलत होती. जूनच्या पहिल्या पावसात बेळगावच्या खानापूर रोडवर गाडी घसरली, घोट्याचं हाड मोडलं, तेव्हापासून तो पाय जमिनीला लागलेला नव्हता.

घरी आल्यावर बायकोनं शिवणाच्या डब्यातली टेप काढली. गुडघ्याच्या वाटीपासून वीतभर वर दोन्ही मांड्या मोजल्या. डावी 52 सेंटीमीटर, उजवी 48. मग टेप पोटाला लावली, तर तिथं चार सेंटीमीटर वाढलेले. म्हणजे मांडीवरचं मांस उतरून पोटावर बसावं असा हिशेब. वजनकाट्यावर मात्र फरक जेमतेम एक किलोचा. त्या एका किलोच्या आड काय काय दडलं होतं, ते कळायला मला बरंच वाचावं लागलं, आणि हा लेख त्यासाठीच लिहितो आहे. कारण दुखापतीतून उठलेला आमच्याकडचा जवळजवळ प्रत्येक माणूस पहिली चूक तीच करतो. काट्यावर उभा राहतो, घाबरतो आणि दुसऱ्या दिवसापासून रात्रीची भाकरी बंद करतो.

अंथरुणाला खिळलं की शरीर किती झपाट्यानं उतरतं, याचा एक प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेत डॅलसला 1966 साली झाला. विशीतले पाच निरोगी तरुण, वीस दिवस सक्तीनं अंथरुणात. उठले तेव्हा शरीराची जास्तीत जास्त प्राणवायू वापरण्याची क्षमता, ज्याला आपण ढोबळपणे दम म्हणू, सरासरी 27 टक्क्यांनी घटली होती. त्याच पाच जणांना तीस वर्षांनी, पन्नाशीत, पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयानं त्यांचा दम जितका कमी केला होता, त्याहून जास्त त्या वीस दिवसांच्या झोपण्यानं केला होता. पण याच कहाणीचा उरलेला भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पन्नाशीत त्यांना सहा महिने बेतानं व्यायाम करायला लावला, आणि त्यांचा दम विशीतल्या, झोपण्याआधीच्या पातळीच्या जवळ परत आला.

दम इतक्या लवकर जातो याचं एक कारण साधं आहे. आडवं पडून राहिलं की रक्तातला पातळ भाग पहिल्या काही दिवसांतच कमी होतो. हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्तही घटतं, मग तेच काम करायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. प्लास्टर निघाल्यावर पहिल्यांदा जिना चढताना छातीत जी धडधड होते ती बहुतेक याचीच. पण हे नुकसान भरूनही तितक्याच लवकर येतं. चालायला लागल्यावर दोन-तीन आठवड्यांत फरक जाणवतो.

स्नायूंचं गणित वेगळं. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात निरोगी तरुणांचा एक पाय मुद्दाम बांधून ठेवला. पाच दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूचा आकार साडेतीन टक्के घटला, ताकद मात्र नऊ टक्के गेली. चौदा दिवसांत आकार आठ टक्के, ताकद तेवीस टक्के. आकारापेक्षा ताकद इतकी जास्त का जावी? कारण ताकद नुसत्या मांसात नसते, मेंदूकडून त्या मांसापर्यंत येणाऱ्या हुकमातही असते. वापर थांबला की तो हुकूमही क्षीण होतो.

गुडघा दुखावला तर हे आणखी स्पष्ट दिसतं. गुडघ्यात पाणी झालं की मांडीच्या पुढच्या स्नायूचा आतल्या बाजूचा भाग जणू बंद पडतो. त्यासाठी वीस-तीस मिलिलिटर पाणी, म्हणजे दोन मोठे चमचेही पुरतात. सांध्यातून मज्जारज्जूकडे संदेश जातो की इथं गडबड आहे, जोर लावू नका. आणि मज्जारज्जू स्नायूला आवरतो. रुग्ण जिवाच्या आकांतानं पाय ताठ करायला बघतो, स्नायू थरथरतो पण आवळत नाही. घरचे म्हणतात, जरा मनावर घे की ओ. मनावर घेऊन काही होत नसतं. आधी सूज उतरली पाहिजे. फिजिओथेरपिस्ट पहिल्या आठवड्यात बर्फ, पाय उंचावर आणि टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली दाबण्याचा साधासा व्यायाम देतात, तो याचसाठी. त्याला हलकं समजून सोडून देणारे खूप पाहिले मी.

आता सगळ्यात हळू चालणाऱ्या गोष्टीकडे येतो: शिरा, म्हणजे रक्ताच्या नव्हेत, स्नायू हाडाला बांधणारे ते पांढरे दोर. यांना रक्तपुरवठा बेताचा असतो. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2013 साली टाचेच्या शिरेचं वय काढलं, आणि ते काढलं अणुचाचण्यांच्या खुणेवरून. 1955 ते 1963 या काळात जमिनीच्या वर, उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन एकदम वाढला, तो धान्यात आला, धान्यातून माणसात. तेव्हा वाढत्या वयात असलेल्या माणसांच्या शिरेच्या गाभ्यात तो कार्बन पुढं कित्येक दशकं तसाच सापडला. म्हणजे सतरा-अठरा वर्षांपर्यंत आपली टाचेची शीर जी बनते, तिचा गाभा पुढं जन्मभर जवळजवळ बदलत नाही. वाचलं त्या दिवशी मी संध्याकाळी बराच वेळ टाचेवर बोट ठेवून बसलो होतो. शाळेत असताना जी शीर घेऊन येळ्ळूरच्या वाटेनं सायकल मारली, तीच ही.

सगळा धोका या वेगवेगळ्या चालींत आहे. दम तीन आठवड्यांत परत येऊ लागतो, स्नायू दोन-तीन महिन्यांत बऱ्यापैकी भरतो, हाड आणि शिरा त्याहून सावकाश सावरतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात माणसाला वाटतं, झालं, आता जमतंय. दम साथ देत असतो, म्हणून तो पळतो. शीर अजून तयार नसते. पुन्हा दुखापत होते ती बऱ्याचदा याच काळात.

आमच्या गल्लीतल्या एका पोराच्या गुडघ्याचा अस्थिबंध (लिगामेंट) कुस्तीत तुटला. शस्त्रक्रिया झाली, आठ-नऊ महिने तालीम बंद. मेहनत थांबली, पण खुराक थांबला नाही, कारण घरच्यांना वाटायचं पोरगा आजारी आहे, अंगाला लागू दे. दोन लिटर म्हशीचं दूध म्हणजे जवळजवळ दोन हजार कॅलरी. वर वाटीभर तूप, मूठभर बदाम. हजार-हजार बैठका मारणाऱ्या शरीराला हे लागतं. खाटेवरच्या शरीराला लागत नाही. पोरगा चौदा किलोनं वाढला. डॉक्टरांची परवानगी घेऊन तो परत तालमीत आला, त्या सकाळी मी तिथं होतो. लाल मातीला पाया पडला आणि सरळ बैठका मारायला उभा राहिला. वस्तादांनी खांद्यावर हात ठेवला. "पैलवान, आज वीस. एकविसावी मारलास तर उद्या माती न्हाई."

पोराचा चेहरा पडला. एके काळी तो पाचशे मारून घाम पुसायचा. पण वस्तादांचं ते वाक्य शरीरशास्त्राला धरून आहे. मोठ्या खंडानंतर पहिल्याच दिवशी शेकडो बैठका मारल्या तर स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणात फुटतात, त्यांतलं लाल प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडात अडकतं. लघवी काळ्या चहासारखी होते. असं झालं तर घरी पाणी पीत बसू नये, तासाभरात दवाखाना गाठावा. मूत्रपिंडं निकामी होण्यापर्यंत हे जाऊ शकतं. गंमत अशी की मुरलेल्या पैलवानाला हा धोका आपल्याला नाहीच असं वाटतं, कारण मनाला जुना आकडा पाठ असतो.

जुनी मेहनत वाया मात्र जात नाही. व्यायामानं स्नायू वाढतो तेव्हा त्याच्या तंतूंत नवीन केंद्रकं, म्हणजे पेशीचा कारभार चालवणारे गाभे, येऊन बसतात. ऑस्लोच्या संशोधकांनी 2010 साली उंदरांत दाखवलं की स्नायू वाळला तरी ही केंद्रकं बराच काळ टिकून राहतात. कामगार कमी झाले तरी मुकादम जागेवर असावेत तसं. माणसात हे कितपत खरं यावर वाद चालू आहे, पण एकदा कमावलेलं अंग पुन्हा कमावायला कमी दिवस लागतात हा तालमीतला अनुभव आणि प्रयोगशाळेतला अनुभव दोन्हीकडे सारखाच आहे.

आणखी एक गोष्ट कुणी मला आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. पाय प्लास्टरमध्ये असतानाही दुसऱ्या पायाचा व्यायाम करावा. एका बाजूला कमावलेल्या ताकदीचा थोडा वाटा दुसऱ्या बाजूला मिळतो. येल विद्यापीठात 1894 सालीच हे नोंदवलं गेलं. मेंदूतले आणि मज्जारज्जूतले मार्ग काही अंशी सामायिक असल्यानं असं होतं. वाटा लहान असतो, दहा टक्क्यांच्या आसपास, पण बसल्या बसल्या मिळणारा. मला हे कळलं पाचव्या आठवड्यात.

आता पोट. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. आमच्या वॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात झाडांखाली पाच किलोमीटर चाललो तर माझ्या 74 किलोच्या शरीराचा जास्तीचा खर्च होतो अडीचशे कॅलरींच्या आसपास, म्हणजे जोंधळ्याची एक भाकरी, फार तर त्यावर घासभर. नुसत्या चालण्यानं महिन्यात पोट उतरेल ही आशा त्यामुळं सोडलेली बरी. चालायचं ते हृदयासाठी आणि पायासाठी. पोटाचा बहुतेक हिशेब ताटात होतो.

पण ताटातून काय काढायचं, इथं घाई नको. मोडलेलं हाड आणि वाळलेला स्नायू दोघांनाही बांधकामाचं सामान लागतं. याच काळात जेवण निम्म्यावर आणलं तर शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं. काटा खाली येतो, माणूस खूश होतो आणि मांडी तशीच राहते. भारतीय प्रौढाला रोज वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं पुरतात असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद सांगते. पण स्नायू परत भरताना 1.2 ते 1.6 ग्रॅमपर्यंत घ्यावीत असा क्रीडावैद्यकाचा कल आहे. माझ्यासाठी तो आकडा नव्वदच्या पुढं गेला. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

नव्वद ग्रॅम म्हणजे डबाबंद पावडर आणायला पाहिजे असं नाही. दोन अंडी बारा-तेरा ग्रॅम देतात. पन्नास ग्रॅम हुलगे भिजवून उसळ केली की अकराएक, भाकरीतून सात, मूठभर शेंगदाण्याच्या चटणीतून सात-आठ, वाटीभर दही, आणि गोव्याहून बाजारात आलेला बांगडा मिळाला तर शंभर ग्रॅमला वीसच्या आसपास. हे सगळं रात्रीच्या एका ताटात कोंबण्यापेक्षा तीन वेळांत वाटलेलं चांगलं. काढायचं ते चहातली साखर, दुपारचा फरसाण, भाताचा दुसरा वाढा, आणि भेटायला येणारे प्रेमानं आणतात तो कुंदा, आमच्याकडची दुधाची मिठाई. आजाऱ्याला भेटायला कुंदा न्यायची आपली रीत गोड आहे, पण माझ्या घरी सहा आठवड्यांत किती डबे आले ते मोजायला नको. रोज दोन-तीनशे कॅलरींची तूट पुष्कळ झाली.

तंबाखूबद्दल बोलायलाच पाहिजे, निपाणीचा पट्टा आपलाच आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचं मोडलेलं हाड जुळायला जास्त वेळ लागतो, कधी कधी जुळतच नाही. हाड जुळेपर्यंत तरी ती बंद ठेवावी.

व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या पंधरवड्यात वजन थोडं वाढलं तर दचकू नये. स्नायू साखरेचा साठा पुन्हा भरतो, आणि त्या साठ्याच्या एका ग्रॅमला तीन ग्रॅम पाणी चिकटून येतं. रक्तातला पातळ भागही परत वाढत असतो. म्हणून मी काटा कपाटावर ठेवून दिला आणि दर रविवारी फक्त टेप लावली, मांडीला आणि पोटाला.

पुढं मात्र वजन उतरलं की सांध्याला ते लगेच कळतं. गुडघ्याची झीज असलेल्या जाड ज्येष्ठांवरच्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं की एक किलो कमी झालं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोनं हलका होतो.

किती वाढवायचं हे ठरवायला मी दुखण्यालाच विचारत गेलो. दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ववत झालं, तर तेवढंच चालू ठेवायचं किंवा थोडं वाढवायचं. सकाळी घोटा सुजलेला, गरम लागला, तर दोन दिवस मागं यायचं. एकाच पोटरीत सूज, दुखरेपणा, लाली आली किंवा अचानक धाप लागली तर हा हिशेब लागू नाही. रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टर.

गणपतीत मी वॅक्सिन डेपोला तीन फेऱ्या मारत होतो. दिवाळीत खुर्चीवरून एका पायावर उठता येऊ लागलं. माघात राजहंसगडावर गेलो, पायथ्यापासून चालत. चढताना काही वाटलं नाही. उतरताना पहिल्या वळणावरच मांडी थरथरायला लागली, कारण उतरताना स्नायूला लांबत लांबत वजन धरावं लागतं आणि तेच काम सर्वांत अवघड. कठड्यावर बसलो. खाली येळ्ळूरची शेतं, भात काढून झालेली, मसूर हिरवा. पाच मिनिटांनी उठलो, थोडं उतरलो, पुन्हा बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातच घोट्याला हात लावून पाहिला. थंड होता. टेप लावली, उजवी मांडी 51.