निळ्या बशीवरचा सांधा

जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात निळ्या नक्षीची इंग्रजी बशी पुष्कळदा ‘हाताने रंगवलेली’ म्हणून खपवली जाते आणि तिच्यासोबत पळून जाणाऱ्या चिनी प्रेमिकांची ‘प्राचीन’ दंतकथाही ग्राहकाच्या गळ्यात मारली जाते. वास्तविक ही ‘विलो’ नक्षी १७९० च्या सुमारास इंग्लंडमध्येच चिनी धर्तीवर घडली आणि कथा तिच्यावरून मागाहून रचली गेली. बशी छापील आहे, हे तर तिचा काठच सांगतो: नक्षीच्या पट्टीची दोन टोके जिथे मिळतात, तिथे एखादे फूल मध्येच कापले गेलेले असते.

लिव्हरपूलच्या सॅडलर आणि ग्रीन यांनी १७५६ मध्ये सहा तासांत बाराशेहून अधिक फरशा छापल्याचे प्रतिज्ञापत्र केले होते. पण त्यांची छपाई झिलईच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या चकचकीत थराच्या, वर असल्याने ती झिजत असे. इंग्लंडमधील स्टोक येथील भांडी-कारखानदार जोसाया स्पोड यांनी १७८४ च्या सुमारास साध्या मातीच्या भांड्यांवर झिलईखालची निळी छपाई यशस्वी केली.

तिची रीत मोठी चतुर आहे. कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावर तेलात घोटलेले कोबाल्ट ऑक्साइड भरायचे, साबणाचे पाणी दिलेल्या पातळ कागदावर ठसा घ्यायचा आणि तो कागद एकदा भाजलेल्या, पण झिलई न दिलेल्या सच्छिद्र बशीवर ताठ ब्रशने घासून बसवायचा. हे बसवण्याचे काम बहुधा स्त्रिया करीत. मग बशी गार पाण्यात बुडवली की कागद सुटून येतो, मात्र तेलकट शाई पाण्याला दाद न देता मातीच्या छिद्रांत रुतून राहते. तेच तेल पुढे आड येते, कारण तेलकट जागी पाण्यात कालवलेली झिलई धरत नाही. म्हणून सुमारे ७०० अंश सेल्सिअसला भाजून ते आधी जाळून टाकतात.

निळाच रंग का, याचे उत्तर आवडीनिवडीत नसून भट्टीत आहे. झिलई वितळते त्या हजार अंशांपुढच्या तापमानात बहुतेक रंग बिघडत. कोबाल्ट मात्र वितळत्या काचेत विरघळतो, त्याच्या आयनाभोवती ऑक्सिजनचे चार अणू चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर बसतात आणि ही रचना पिवळा, नारिंगी व तांबडा प्रकाश शोषून निळा तेवढा सोडते. हिरवे, तपकिरी आणि गुलाबी ठसे झिलईखाली सर्रास दिसू लागायला १८२० चे दशक उजाडावे लागले.

कोबाल्टचे हे विरघळणे हाताबाहेर गेले की रेषा फुटून निळा रंग पसरतो. पुढे काही कारखानदार भट्टीत मुद्दाम क्लोराइडची वाफ सोडून हा पसरट निळा घडवू लागले, आणि तो माल अमेरिकेत भरपूर खपला.