तळाचे 10 टक्के काढल्याने कामगिरी सुधारत नाही

‘दरवर्षी तळाचे 10 टक्के लोक काढा, बाकीचे आपोआप जोमाने काम करतील’ हा समज जॅक वेल्च प्रमुख असतानाच्या जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीपासून रुजला आहे. मुळात हिशेबच जमत नाही. 8 जणांच्या टीममध्ये 10 टक्के म्हणजे एक माणूसही भरत नाही, तरी मॅनेजरला कोणाच्या तरी माथी खालचं रेटिंग मारावंच लागतं. मग चांगली माणसंही एकमेकांना मदत करायचं टाळतात, अडचणी दडवतात. मायक्रोसॉफ्टने ही सक्तीची क्रमवारी 2013 मध्ये बंद केली, ते योग्यच झालं.

त्यापेक्षा तिमाहीच्या सुरुवातीला प्रत्येकाची तीन-चार मोजता येणारी उद्दिष्टं लिहून घ्या. ‘ग्राहकसेवा सुधारणे’ असं मोघम नको. ‘तक्रारीला 24 तासांत उत्तर’ असं हवं. दर पंधरवड्याला अर्धा तास त्यावरच बोला. पगारवाढीची चर्चा मात्र वेगळ्या दिवशी ठेवा. एकत्र केली की समोरच्याला फक्त आकडाच ऐकू येतो.