आयर्लंडमधील जनगणना-पत्रके आणि कुलवृत्तांत संशोधन

आयर्लंडमधील १९०१ व १९११ या जनगणनांची घरोघरी भरून घेतलेली मूळ पत्रके आज कोणालाही विनामूल्य पाहता येतात. सर्व बत्तीस काउंटींची ही दप्तरे आयरिश घराण्यांचा इतिहास शोधणाऱ्यांचा मुख्य आधार आहेत, कारण त्यांच्या आधीचे दप्तर जवळजवळ समूळ नाहीसे झाले.

१८२१ ते १८५१ या काळातील चार जनगणनांची कागदपत्रे डब्लिनच्या फोर कोर्ट्स आवारातील सरकारी अभिलेखागारात होती. यादवी युद्धाच्या आरंभी, ३० जून १९२२ रोजी, तेथील स्फोटात व आगीत ती बहुतेक जळाली. मात्र सगळा दोष आगीच्या माथी मारणे योग्य नाही. १८६१ व १८७१ ची पत्रके आकडेवारी निघाल्यावर सरकारनेच नष्ट केली होती, आणि १८८१ व १८९१ ची पत्रके पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा करण्यासाठी देऊन टाकण्यात आली. कुटुंबांच्या स्मृतीचे हे नुकसान युद्धाने केले तितकेच कचेऱ्यांतील निर्णयांनीही केले.

जे उरले ते खुले करण्यात आयर्लंडने दिरंगाई केली नाही. ब्रिटनमध्ये शंभर वर्षांच्या गोपनीयतेचा दंडक असताना ही दोन्ही दप्तरे १९६१ मध्येच लोकांसाठी उघडण्यात आली. पुढे कॅनडाच्या राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागाराच्या सहकार्याने ती २००७ ते २०१० या काळात टप्प्याटप्प्याने संकेतस्थळावर आली. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात विखुरलेल्या आयरिश वंशजांना डब्लिनला न जाता आपल्या पणजोबांचे घर शोधता येऊ लागले, हे या कामाचे मोठे फळ होय.

पत्रक कुटुंबप्रमुखाने भरायचे आणि पोलीस शिपायाने गोळा करायचे, अशी रीत होती. त्यामुळे कित्येक ठिकाणी पूर्वजाचे स्वतःचे हस्ताक्षर हाती येते आणि लिहिता न येणाऱ्याच्या नावापुढे फुलीची खूण दिसते. धर्म, वय, व्यवसाय, जन्मस्थळ, साक्षरता आणि आयरिश भाषेचे ज्ञान असे रकाने त्यात आहेत. १९११ मध्ये विवाहित स्त्रियांना लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली आणि त्यांपैकी किती हयात आहेत, हेही विचारले गेले; शेवटच्या दोन आकड्यांतील अंतर त्या घराने सोसलेले दुःख सांगून जाते. शिपायाने भरलेल्या जोडपत्रात भिंती व छप्पर कशाचे, खोल्या किती आणि दर्शनी बाजूस खिडक्या किती, याची नोंद असते.

वयाच्या रकान्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. १९०१ पासून १९११ पर्यंत अनेक व्यक्तींचे वय दहाहून अधिक वर्षांनी वाढलेले आढळते. १९०८ च्या कायद्याने सत्तरीच्या वृद्धांना निवृत्तिवेतन मिळू लागले; पण आयर्लंडमध्ये सर्व जन्मांची सरकारी नोंद १८६४ पासून सुरू झाल्याने या वृद्धांकडे जन्मदाखला नव्हता. पुरावा म्हणून १८४१ व १८५१ च्या जनगणनांत त्यांच्या कुटुंबांचा शोध घेतला जाई. त्या शोधाचे अर्ज टिकून राहिले, आणि जळालेल्या दप्तरातील काही घरे केवळ या अर्जांमुळे आज आपल्याला ठाऊक आहेत.

भारतात अशी वाट नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार व्यक्तिगत नोंदी पाहण्याचा अधिकार कोणालाही नाही आणि किती काळाने त्या खुल्या व्हाव्यात, हेही ते कलम सांगत नाही. म्हणून मराठी कुलवृत्तांतकार नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, गावची जन्म-मृत्यू नोंदवही आणि जमिनीचे जुने उतारे यांवर भिस्त ठेवतात.

स्वतंत्र आयरिश राज्याची पहिली जनगणना १८ एप्रिल १९२६ रोजी झाली. १९९३ च्या सांख्यिकी कायद्याने तिच्यावर शंभर वर्षांचे बंधन घातले असून ते एप्रिल २०२६ मध्ये संपते. उत्तर आयर्लंडची त्याच वर्षीची पत्रके मात्र टिकलेली नाहीत. त्यामुळे तेथील सहा काउंटींतील घराण्यांचा माग काढणाऱ्यांना जनगणनेच्या दप्तरात १९११ च्या पुढे जाता येत नाही.