मैदानावर गेलं की अभ्यास बुडाला?

'खेलोगे कूदोगे तो होगे खराब' हे नागपुरात मराठी घरांतही हिंदीतूनच ऐकवतात, बहुधा निकालाच्या दिवशी. कॉलेजच्या टीममध्ये गेलेलं पोरगं मागे पडणारच, असा त्यामागचा समज. तो खरा नाही.

व्यायामाने मेंदूचा रक्तपुरवठा वाढतो, झोप चांगली लागते, वर्गात लक्ष राहतं. कमी पडतो तो वेळ. पहाटे मानकापूरच्या क्रीडा संकुलात धावून, घामट ट्रॅकसूट पिशवीत कोंबून पहिल्या तासाला पोचलेला मुलगा दुपारी पेंगत असेल, तर त्याने रात्री किती वाजेपर्यंत मोबाईल पाहिला तेही विचारा! खरी अडचण हिवाळ्यात येते. आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि सेमिस्टर परीक्षा एकाच सुमारास येतात, प्रॅक्टिकल बुडतं, हजेरीची बोंब होते.

अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या नियमाने हंगामात सराव आठवड्याला २० तासांपुरताच, शिवाय खेळायला किमान गुण लागतात. म्हणूनच 'खेळाडूंना मार्क जास्तच पडतात' हा उलटा दावाही जपून घ्यावा. कमी गुणांची मुलं आधीच संघाबाहेर गेलेली असतात. अनिल कुंबळे मेकॅनिकल इंजिनिअर आहेत हे खरं, पण एका कुंबळेंवरून काही सिद्ध होत नाही.

राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. मात्र पदाला पदवी लागत असेल तर ती हवीच. तेव्हा टीममध्ये निवड झाली की स्पर्धेच्या तारखा विभागप्रमुखांना लगेच लेखी द्या, आणि पोच घ्या.