जळालेल्या गवताखालची लढाई

१९८३च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या मोंटाना राज्यात, लिटल बिगहॉर्न नदीकाठच्या टेकाडांवर वणवा पेटला. गवत जळालं, जमीन उघडी पडली आणि शंभर वर्षं त्याखाली दडलेली लढाई दिसू लागली.

२५ जून १८७६ रोजी इथे लाकोटा, शायान आणि अरापाहो या मूळ रहिवासी जमातींच्या योद्ध्यांनी अमेरिकी घोडदळाचा अधिकारी कस्टर याच्या तुकडीचा फडशा पाडला. त्याच्यासोबतचे सुमारे २१० सैनिक मारले गेले, एकही वाचला नाही. मग काय घडलं ते सांगणार कोण? जिंकलेल्यांनी सांगितलं, पण त्यांचं फारसं कुणी ऐकलं नाही. टेकडीवर शेवटच्या गोळीपर्यंत झुंजणारे वीर हेच चित्र लोकांना आवडलं.

१९८४ आणि ८५ साली डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी स्वयंसेवकांच्या हाती मेटल डिटेक्टर दिले आणि रांगेने माळ पिंजून काढला. यंत्र वाजलं की तिथे झेंडी रोवायची. जागेचं मोजमाप होईपर्यंत वस्तू उचलायची नाही. सगळी मेख या नियमात आहे.

बंदुकीची फायरिंग पिन काडतुसाच्या बुडावर आदळते तेव्हा ठसा उमटतो. हा ठसा बंदुकीगणिक वेगळा असतो. खुनाच्या तपासात पोलीस वापरतात तीच ही युक्ती. एकाच ठशाच्या पुंगळ्या दोन ठिकाणी सापडल्या, तर ती बंदूक इथून तिथे गेली हे कळतं. अशा रीतीने एकेका बंदुकीची वाटचाल नकाशावर उतरली. सैनिकांकडे एकबारी स्प्रिंगफील्ड होत्या, तर समोरच्यांकडे चाळीसहून अधिक प्रकारच्या बंदुका, त्यांत लागोपाठ बार काढणाऱ्या हेन्री आणि विंचेस्टरही. सैनिकांच्या पुंगळ्या आधी रांगेत, मग घोळक्याने पडलेल्या. फॉक्सच्या मते शिस्त कोसळल्याचीच ही खूण. शायान आणि लाकोटांच्या कथनाशी ती जुळत होती. या निष्कर्षावर वाद आहेत, ते असू देत. पण वाद घालायला निदान पुरावा मिळाला, आणि तो मिळाला कारण ती जमीन राष्ट्रीय स्मारक म्हणून राखलेली होती. पुढे १९९१मध्ये स्मारकाच्या नावातून कस्टर गेला आणि नदी आली.

आता आपल्याकडे वळू. जालना जिल्ह्यातलं असई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांची फौज इंग्रज सेनापती वेलस्लीच्या सैन्याशी भिडली. शिंद्यांच्या तोफखान्याने इंग्रजांची दाणादाण उडवली, तरी दिवस शिंद्यांच्या हातून गेला. किल्ला असता तर बुरूज तरी दिसला असता. इथे आहेत ती शेतं. १९५८च्या पुरातत्त्व कायद्यात शंभर वर्षांहून जुने अवशेष असलेली जागा बसते, त्यावर इमारत असलीच पाहिजे असं नाही. पण आपली नजर दगडी बांधकामापलीकडे क्वचितच जाते.

अशा शोधाच्या कामी काळी माती बेभरवशाची. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, बारकी वस्तू खाली घसरते; पावसात ती फुगते. लोखंडाचे गोळे ओलीने गंजतात. शिशाची गोळी मात्र वर करडी-पांढरी साय धरून शतकं टिकते. गोळी गोल असेल तर बहुधा हातातून पडलेली, चपटी झाली असेल तर झाडलेली. नांगर तिला काही हात सरकवतो, पण शेताबाहेर नेत नाही. ते काम खिशात टाकणारा माणूस करतो, आणि मग घरच्या कपाटातली ती गोळी नुसतं शिसं उरते.