नोकरी करत करत ऑनलाइन एमसीए करायचंय? कोकणातून फॉर्म भरण्याआधी एवढं बघून घ्या

सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट, त्यात थोडं प्रोजेक्ट मॅनेजमेंट, आणि मास्टर्सची डिग्री, तीही नोकरी न सोडता, असं डोक्यात असेल तर आपल्याकडे त्याला सरळ रस्ता म्हणजे ऑनलाइन एमसीए (मास्टर ऑफ कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स). लोट्याला एमआयडीसीत शिफ्ट करणारे, कंपनी पुण्याची पण काम देवरुखच्या घरून करणारे, असे बरेच जण हल्ली विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

फॉर्ममध्ये ‘पार्ट टाइम’ असा रकाना शोधत बसू नका, तो बहुतेक ठिकाणी नसतोच. कोर्स दोन वर्षांचा असतो पण पूर्ण करायला जास्त मुदत मिळते, इग्नूत, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, चार वर्षांपर्यंत, तोच तुमचा पार्ट टाइम. दोन वर्षांच्या मास्टर्सला साधारण ८० क्रेडिट आणि एका क्रेडिटला ३० तासांचा अभ्यास धरतात, म्हणजे २,४०० तास. दोन वर्षांत संपवायचं तर आठवड्याला २३ तास झाले, शिवाय गणपतीत आणि शिमग्यात पुस्तक कोण उघडतंय ते आपल्याला माहितीच आहे, तेव्हा तीन वर्षं धरूनच चला.

आता पात्रता. बीसीए, बीएस्सी आयटी किंवा कॉम्प्युटर सायन्स, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग यांना काही अडचण नाही. इतर पदवीधरांना बऱ्याच ठिकाणी बारावीला किंवा पदवीला गणित असावं लागतं आणि वर ब्रिज कोर्सचे, म्हणजे कॉम्प्युटरचा पाया भरून काढणारे, जादा पेपर द्यावे लागतात. बऱ्याच ठिकाणी पदवीला ५० टक्के मागतात, राखीव गटाला ४५. बारावीला बायोलॉजी घेऊन गणित सोडलं आणि पुढे बीएस्सी बॉटनी केलं तर अशा ठिकाणी गाडी अडते. बीकॉमवाल्यांनी मात्र लगेच नाद सोडू नका, मुंबई विद्यापीठाच्या एफवाय बीकॉमला मॅथेमॅटिकल अँड स्टॅटिस्टिकल टेक्निक्स हा पेपर असायचा, तुमच्या मार्कशीटवर असेल तर तो गणित म्हणून धरणार का हे विद्यापीठाला मेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा, फोनवरच्या ‘हो हो चालतं’ ला काही अर्थ नाही. रेग्युलर एमसीएला सीईटी लागते, ऑनलाइनला बहुतेक विद्यापीठं पदवीच्या मार्कांवर घेतात.

पैसे भरायच्या आधी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर, म्हणजे डेब डॉट यूजीसी डॉट एसी डॉट इन वर, विद्यापीठाचं नाव बघा. नुसतं विद्यापीठ यादीत असून भागत नाही, तुमचा कोर्स आणि तुमचं सत्र दोन्ही त्यात पाहिजे. यादीत असेल तर २०२० च्या नियमांप्रमाणे ती डिग्री रेग्युलर डिग्रीच्या बरोबरीची, यूजीसीने २०२२ मध्ये तशी नोटीसपण काढली होती. इंजिनिअरिंगच्या डिग्र्या मात्र ऑनलाइन किंवा डिस्टन्सने चालत नाहीत, त्यामुळे ‘घरबसल्या बीटेक’ वगैरे जाहिरात आली की पुढे स्क्रोल करा. आणि फ्रँचायझीला परवानगीच नाही, तेव्हा दिवसाला चार कॉल करणारे ते काउन्सेलर काय वाट्टेल ते सांगोत, फॉर्म विद्यापीठाच्याच साइटवर भरा. ते ‘ईएमआय’ म्हणतात ते बऱ्याचदा तुमच्या नावावरचं कर्ज असतं, कोर्स सोडला तरी हप्ते सुटतीलच असं नाही.

मग येतो डेब आयडी, म्हणजे याच ब्युरोच्या साइटवर मिळणारा विद्यार्थ्याचा नंबर, आणि गाडं रुततं ते खरं इथे. २०२४ पासून ऑनलाइन आणि डिस्टन्सच्या प्रवेशाला हा लागतोच. आधी डिजिलॉकरमधून एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, तुमच्या क्रेडिटचं सरकारी खातं) आयडी काढायचा, तो १२ आकडी असतो, मग तो टाकून डेबच्या साइटवर डेब आयडी, आणि तो विद्यापीठाच्या फॉर्ममध्ये भरायचा. फुकट आहे, सायबरवाल्याला त्याचे पाचशे देऊ नका. आधारला मोबाइल लिंक नसेल तर ओटीपीच येत नाही, ते काम आधी आधार केंद्रात जाऊन उरका. दुसरं म्हणजे नाव, ते कागदोपत्री जुळत नाही. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचं नाव पूर्ण तर कुठे नुसतं अक्षर. लग्न झालेल्या मुलींचं तर विचारूच नका, दहावीपासून पदवीपर्यंत माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. अशा वेळी विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र जोडावं लागतं, राजपत्राला वेळ जातो म्हणून ते प्रवेश सुरू व्हायच्या आधीच करून घ्या.

बाकी कागद नेहमीचेच: दहावी, बारावी आणि पदवीच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, डिग्री सर्टिफिकेट नाहीतर प्रोव्हिजनल, आधार, फोटो, सहीचा स्कॅन, सवलत घेणार असाल तर जातीचा दाखला. काही ठिकाणी मायग्रेशन, म्हणजे आधीचं विद्यापीठ सोडल्याचा दाखला, मागतात, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या कॉलेजांतून शिकलेल्या बहुतेकांना ते मुंबई विद्यापीठाकडून घ्यावं लागतं, तर आजच मागवा. स्कॅन फाइलची साइज प्रत्येकाची वेगळी, मोबाइलने तिरका काढलेला फोटो परत येतो.

प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी-फेब्रुवारी आणि जुलै-ऑगस्टच्या आसपास. फी इग्नूत बरीच कमी, खासगी विद्यापीठांत दीड लाखाच्या वरसुद्धा जाते.

परीक्षेचं आधी विचारा. सेमिस्टरच्या परीक्षेला किमान ७० टक्के वेटेज असतं, असाइनमेंटवर भागत नाही. काही विद्यापीठं घरूनच कॅमेऱ्यासमोर घेतात, काही सेंटरला बोलवतात, आणि ते सेंटर कोल्हापूर का पणजी हे फॉर्म भरतानाच कळलेलं बरं. घरून देणार असाल आणि पेपर जूनमध्ये पडत असेल तर पहिल्या पावसात लाइट आणि रेंज दोन्ही एकदम जातात हे धरूनच तयारी ठेवा: इन्व्हर्टर, दुसऱ्या कंपनीचं सिम, आणि मध्येच कनेक्शन तुटलं तर परत लॉगिन करता येतं का हे विद्यापीठाकडून लेखी. ते नाही म्हणाले तर मी तरी सरळ डिसेंबरमध्ये सेंटरला जाऊन परीक्षा देईन.